गावाला नावं ठेवणारे : पुपेन, पुपी आणि स्पिहोवो

वाटचुकला
मंडळी, नमस्कार. गेली चार वर्षं नोकरीनिमित्त वॉर्सात आहे. गेल्या ऑगस्टमध्ये क्रुतिन्या नदीवर कयाक चालवायला गेलो होतो. पोलंडच्या ईशान्येला मझुरी नावाचा तळ्यांचा प्रदेश आहे (मजुरी नव्हे, पण दुसऱ्या दिवशी खांदे भरून आले तेव्हा तोच शब्द आठवला). सोर्क्वितीहून रुच्याने-निदापर्यंत साधारण शंभर किलोमीटरचा जलमार्ग आहे. तळं, ओढा, परत तळं, पाइनचं जंगल, असं चालू राहतं.

निघताना आमच्या बर्लिन ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने फोनवर एक जुनं पोस्टकार्ड पाठवलं. वर जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत 'पुपेन, पूर्व प्रशिया' (हा भाग तेव्हा जर्मनीत होता). त्याच्या आजीचं गाव. १९४५ च्या जानेवारीत रशियन फौजा आल्या तेव्हा ती आईबरोबर निघाली, वय वर्षं नऊ. तो म्हणाला, वाटेत लागलं तर फोटो काढ.

नकाशावर पुपेन नाहीच. शोधल्यावर कळलं की ते आता स्पिहोवो. आमचा तिसरा मुक्कामच तिथे होता! पावसात कयाक ओढून काठावर घेतली आणि ज्या बाईंकडे खोली घेतली होती त्यांना पोस्टकार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि खुदकन हसल्या. म्हणाल्या, "हो, हेच. पण आमच्या वेळी हे पुपी होतं. मी पुपीत जन्मले. शाळेत जायला लागले तेव्हा स्पिहोवो झालं."

म्हणजे आजी पुपेनची, बाई पुपीच्या, त्यांची नातवंडं स्पिहोवोची. तळं तेच. हसायचं कारण असं की पोलिशमध्ये 'पुपा' म्हणजे ढुंगण, आणि पुपी हे त्याचं अनेकवचन. १९६० मध्ये सरकारने नाव बदलून स्पिहोवो केलं, आणि हे नाव आलं कुठून, तर एका कादंबरीतून.

तर प्रश्न असा. मी ते फोटो एका छोट्या अल्बमात लावून त्या आजींना पाठवणार आहे. वर गावाचं नाव काय लिहू? आणि एकूणच, गावाचं 'खरं' नाव ठरवायचं कसं?

बंडू_मास्तर
"मास्तर, एक ढुंगणवाडी द्या."
"कुठली? बुद्रुक की खुर्द?"
धाग्याचं सार्थक झालं. निघतो.

शब्दवेडी
मास्तर, जरा संस्कृतात जा हो. पार्श्वपूर. किती भारदस्त वाटतं. विमानतळही होऊन जाईल.

गंमत सोडा. पोलिश शिकते आहे म्हणून भर घालते. त्यांच्याकडे गावाच्या नावालाही विभक्ती लागते, अगदी आपल्यासारखी. आपण पुणे, पुण्यात, पुण्याहून म्हणतो ना, तसं पुपी, 'फ पुपाख' म्हणजे पुपीत, 'झ पुप' म्हणजे पुपीहून. पत्त्यावर, दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर प्रत्येक वेळी ढुंगण वेगवेगळ्या विभक्तीत. माणसं कंटाळणारच.

जर्मनमध्ये मात्र 'पुपेन' म्हणजे बाहुल्या. एकच आवाज, सीमेच्या या बाजूला बाहुली आणि त्या बाजूला बूड.

अनुस्वार
पण स्पिहोवो की स्पिखोवो की स्पायचोवो?

शब्दवेडी
स्पिहोवो चालेल. घशातून थोडा खकार आला तर अजून छान. स्पायचोवो म्हणालात तर वडापावची शाखा वाटेल.

दिनकरराव
गमतीचा सूर आवडला, पण थोडी पार्श्वभूमी (मास्तर, हसू नका) द्यायला हवी, नाहीतर हे नुसतं 'पोलिश सरकारने जर्मन नाव पुसलं' असं वाटेल. गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे.

मझुरीत मुळात गालिंद नावाची जमात राहायची. हे लोक प्राचीन प्रशियन, बाल्टिक भाषा बोलणारे, लिथुआनियन लोकांचे भाऊबंद. तेराव्या शतकात ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन ख्रिस्ती संघाच्या धर्मयोद्ध्यांनी हा भाग जिंकला. पुढे ती भाषा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पार नाहीशी झाली, पण जिंकणाऱ्यांनी त्यांचंच नाव उचललं. ज्यांना आपण प्रशियन म्हणतो, ते मेलेल्या माणसाचं आडनाव लावून फिरत होते.

नंतर जंगल तोडून शेती करायला दक्षिणेकडून, माझोव्शे प्रांतातून, पोलिश बोलणारे शेतकरी येऊन वसले. १५२५ मध्ये ऑर्डरच्या प्रमुखानेच लूथरचा पंथ स्वीकारला आणि राज्य आपल्या घराण्याचं करून टाकलं, तेव्हा ही प्रजाही प्रोटेस्टंट झाली. म्हणजे बोली पोलिश, धर्म लूथरचा, राजा जर्मन. यांना मझुर म्हणतात. १९२० च्या जुलैमध्ये सार्वमत घेतलं, पोलंड की पूर्व प्रशिया? सुमारे ९८ टक्के मतं पूर्व प्रशियाला. घरात पोलिश बोलणाऱ्यांनीही तिकडेच मत दिलं. त्यामुळे 'मूळचे कोण' हा प्रश्न तिथे विचारायचाच नाही.

निवांत
दिनकरराव आले की धाग्याचा धडा होतो. पण वाचतोय. चालू द्या.

वाटचुकला
दिनकरराव, मनापासून धन्यवाद. तुमचं वाचून एक चित्र डोक्यात पक्कं बसलं. स्पिहोवोपासून थोड्या अंतरावर जंगलात एक जुनी दफनभूमी पाहिली. लोखंडी क्रूस, कुंपण पडलेलं, वर शेवाळ. एका दगडावर टोकेरी जर्मन अक्षरं होती, म्हणून मी ते जर्मनच समजून पुढे निघालो. आमच्याबरोबरच्या पोलिश मित्राने बोटाने शेवाळ खरवडलं आणि एक एक अक्षर लावत वाचलं: 'तू स्पोचिवा व बोगू'. इथे देवाजवळ विसावला आहे. शब्द पोलिश, अक्षरं जर्मन. मझुर लोकांची बायबलं आणि प्रार्थनेची पुस्तकंही अशीच छापली जायची म्हणे.

पाटलीणकाकू
आमच्या घरी आजेसासऱ्यांची मोडीतली पत्रं आहेत. भाषा मराठीच, पण आमच्यातल्या कुणालाही वाचता येत नाहीत. ती पेटी उघडली की परक्याच्या घरात आल्यासारखं वाटतं. तुमचा दगड वाचून तेच आठवलं.

राष्ट्रप्रेमी_४७
मूळ नाव परत आणलंच पाहिजे. गुलामगिरीची चिन्हं पुसायला हवीत. आपल्याकडेही अजून कितीतरी गावं

संपादक मंडळ
वरचा प्रतिसाद अर्धा कापला आहे. आपल्याकडच्या नामांतरावर तीन धागे आधीच चालू आहेत आणि तिघांत मिळून आमच्या झोपेचं खोबरं झालं आहे. इथे पोलंड.

दिनकरराव
राष्ट्रप्रेमींनी 'मूळ नाव' म्हटलं त्यावर पोलंडपुरतंच बोलतो. पहिल्यांदा पुसापुशी केली ती नाझींनी. १९३८ च्या उन्हाळ्यात पूर्व प्रशियात सुमारे दीड हजार गावांची नावं एका फटक्यात बदलली, कारण ती स्लाव्ह किंवा लिथुआनियन वाटत होती. आणि ही नावं काही शत्रूने दिलेली नव्हती, तिथल्याच जर्मन नागरिकांच्या आजोबा-पणजोबांची होती.

स्पिहोवोच्या आसपासची दोन उदाहरणं देतो. ते ज्या पंचायतीत (ग्मिना म्हणतात) येतं तिचं गाव श्व्येन्तायनो. जर्मन काळात श्वेन्टाइनेन. त्यातल्या 'श्व्येन्त'ला पवित्रतेचा स्लाव्ह वास, म्हणून १९३८ मध्ये ते आल्टकिर्शेन झालं, म्हणजे 'जुनं चर्च'. १९४५ नंतर पुन्हा श्व्येन्तायनो. दुसरं, वाटचुकल्यांचा जलप्रवास जिथे संपला ते रुच्याने. आधी रुदचान्नी, १९३८ मध्ये नीडरझे, मग रुच्याने.

पुपेन मात्र वाचलं. बाहुल्यांसारखं ऐकू येत होतं ना, म्हणून!

अनुस्वार
नीडरझे वाचताना माझंच नाव बदललं गेल्यासारखं वाटलं.

ओपोलेकर
अरे वा, माझ्या आवडीचा विषय. मी पोलंडच्या दुसऱ्या टोकाला, ओपोले भागात तीन वर्षं होतो. तिथला किस्सा ऐका. तुरावाच्या धरणाजवळ श्चेद्झिक नावाचं गाव आहे. उच्चार करायचा प्रयत्न करा, मी तीन महिने केला. जर्मन सरकारलाही तो जमत नसावा, कारण १९३४ मध्ये त्यांनी गावाचं नाव ठेवलं हिटलरझे. हिटलर सरोवर! १९४५ ला अर्थातच पुन्हा श्चेद्झिक.

आता ओपोले भागात जर्मन बोलणारे बरेच लोक अजून राहतात. पोलंडने २००५ मध्ये अल्पसंख्याकांसाठी कायदा केला, त्यात गावाच्या पाटीवर दुसऱ्या भाषेतलं नावही लावता येतं. राद्वूफ नावाच्या गावी २००८ मध्ये पोलिश-जर्मन पाट्या लागल्या. पण कायद्यात एक मेख मारून ठेवली आहे. १९३३ ते १९४५ या काळात नाझी राजवटीने दिलेली नावं पाटीवर चालणार नाहीत. म्हणजे जुनं जर्मन नाव चालेल, हिटलरचं जर्मन नाव नाही.

रात्री कुणीतरी येऊन जर्मन नावावर रंग फासून जायचं, हेही मी पाहिलंय. सकाळी पंचायतीचा माणूस बादली घेऊन पुसत उभा.

बंडू_मास्तर
कायद्यात मेख मारणारा वकील आपलाच कुणीतरी कोकणी असणार.

निवांत
पण पोलिश सरकारने १९४५ नंतर काय केलं? तेही सांगा की. सगळं पाप नाझींच्या माथी नको.

दिनकरराव
बरोबर. युद्धानंतर पोलंडची सीमा पश्चिमेला सरकली. पूर्वेकडचा मोठा भाग सोव्हिएत युनियनने घेतला आणि बदल्यात जर्मनीचा पूर्वभाग पोलंडला मिळाला. त्यात हजारो गावं, नद्या, टेकड्या, सगळ्यांना जर्मन नावं. पहिलं वर्षभर नुसता गोंधळ होता. रेल्वेवाले एक नाव लावायचे, लष्कर दुसरं, नवे आलेले लोक तिसरं. आजच्या गिझित्स्कोला ल्योत्सेन, लेत्स, वूचानी अशी नावं मागेपुढे होती. विचार करा, सामान कुठल्या स्टेशनला उतरवायचं?

म्हणून १९४६ मध्ये एक समिती बसली. अध्यक्ष भूगोलतज्ज्ञ स्तानिस्वाव स्रोकोव्स्की, सोबत भाषातज्ज्ञ. जुन्या दफ्तरात पोलिश रूप सापडलं तर ते घ्यायचं, नाही सापडलं तर जर्मन नावाचं भाषांतर, तेही नसेल तर नवं. काही वर्षांत तीसेक हजार नावं ठरवली.

आणि ही माझ्या लाडक्या माहितीपैकी: ड्रेंगफुर्ट नावाचं गाव होतं, त्याचं १९५० मध्ये स्रोकोवो केलं. त्याच स्रोकोव्स्कींच्या नावावरून. आयुष्यभर गावांना नावं ठेवणाऱ्याला शेवटी एक गाव मिळालं.

शब्दवेडी
'गावांना नावं ठेवणाऱ्याला'! दिनकरराव, साष्टांग.

मझुरीत माणसांची नावं दिलेली गावं बरीच आहेत आणि त्यात एक फारच सुंदर आहे. रास्टेनबुर्ग हे शहर (हिटलरचं युद्धकाळातलं मुख्यालय, 'लांडग्याचं बिळ', याच्याच जवळ) आता केंतशिन आहे, इतिहासकार वोयचेह केंतशिन्स्कींवरून. ते १८३८ मध्ये ल्योत्सेनला जन्मले तेव्हा त्यांचं नाव होतं आडालबर्ट फॉन विंकलर. तरुणपणी कळलं की आपलं कूळ पोलिश आहे, तेव्हा १८६१ मध्ये त्यांनी स्वतःचंच आडनाव बदलून केंतशिन्स्की केलं. ज्या माणसाने स्वतःचं नाव बदललं त्याचंच नाव देऊन शहराचं नाव बदललं. असं कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने 'फार जुळवून आणलंय' म्हणून परत पाठवलं असतं.

चिकित्सक
कादंबरीचाच मुद्दा घेतो, कारण मूळ लेखात तो दोन शब्दांत उरकलाय आणि मला तिथेच खटकलं.

स्पिहोवो हे नाव हेन्रिक शेन्क्येविच यांच्या 'क्शिझात्सी' या कादंबरीतल्या स्पिहूफ या ठिकाणावरून घेतलंय. (शेन्क्येविच म्हणजे १९०५ चे नोबेलवाले.) त्यात युरांद नावाचा सरदार आहे. ट्यूटॉनिक योद्ध्यांमुळे त्याची बायको गेली, मग त्यांनी मुलगी पळवली. मुलीसाठी तो गोणपाट अंगावर घेऊन त्यांच्या श्चित्नोच्या किल्ल्याच्या दारात एकटा उभा राहतो. ते त्याला आत घेतात आणि पुढे त्याचा डोळा, जीभ, उजवा हात घेऊन सोडून देतात. पोलंडमध्ये हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. युद्धानंतर तिथे नव्याने छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत हे होतं.

आता अडचण अशी. कादंबरीतलं स्पिहूफ हे माझोव्शेच्या बाजूला, सीमेवर आहे. युरांद तिथून ऑर्डरच्या मुलखावर धाडी घालायचा. आणि आजचं स्पिहोवो आहे ऑर्डरच्या मुलखात! म्हणजे सरदाराचं नाव नेमकं शत्रूच्या हद्दीत. हा भूगोल कुणी तपासला होता का?

शब्दवेडी
चिकित्सक, व्याकरण मात्र तपासलं होतं. कादंबरीत स्पिहूफ आहे, 'ऊफ'ने संपणारं. पोलंडच्या दक्षिणेकडे गावांची नावं अशी संपतात, उत्तरेत 'ओवो' चालतं. म्हणून स्पिहूफचं स्पिहोवो केलं, स्थानिक वळणात बसवून. आपल्याकडे कुठे वाडी, कुठे गाव, कुठे पाडा, तसं.

वाटचुकला
चिकित्सक, आता गावात युरांदचा पुतळा आहे. आमच्या बाई तर ठामपणे म्हणाल्या, "युरांद इथलाच." मी म्हटलं, कादंबरीतला ना? तर म्हणाल्या, "श्चित्नोचा किल्ला खरा आहे ना? मग?" यावर काय बोलणार.

त्यांनी अजून एक सांगितलं. नाव बदललं त्याच वर्षी, १९६० मध्ये, या कादंबरीवरचा मोठा रंगीत सिनेमा आला. १५ जुलैला, पोलंडने ट्यूटॉनिक ऑर्डरला हरवलं त्या ग्रुनवाल्डच्या लढाईला ५५० वर्षं झाली त्या दिवशी. सगळा देश युरांदमय झाला होता. अशा वेळी कुणी सुचवलं की 'आपलं पुपी नको, स्पिहोवो करू या', तर कोण नाही म्हणणार?

कोल्हापुरी_ठसका
लई उशिरा बघितला धागा. पोलंड म्हटलं की कोल्हापूरकराला विचारायचं सोडून तुम्ही भूगोलतज्ज्ञांना काय विचारताय?

आमच्या शहराला लागून वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात तिथं पाचेक हजार पोलिश लोकांचा कॅम्प होता, १९४३ ते १९४८. बहुतेक बायका आणि पोरं. दिनकररावांनी वर लिहिलंय ना, पूर्वेकडचा भाग सोव्हिएत युनियनने घेतला म्हणून? त्याच भागातली ही माणसं. १९४० मध्ये घरातून उचलून सायबेरियाला, कझाकस्तानला नेली होती. पुढं सुटका झाली, इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि काही वळिवड्यात येऊन टेकली. शाळा, चर्च, नाटकं सगळं उभं केलं होतं त्यांनी. माझे आजोबा तिथं भाजी घेऊन जायचे. नव्वदीपर्यंत कुणी फिरंगी दिसला की 'जेन दोब्री' (पोलिश नमस्कार) म्हणायचे, मग तो इंग्रज असो की जपानी.

आता नीट ऐका. युद्ध संपलं तेव्हा या लोकांना जायला गावच नव्हतं, कारण त्यांची गावं दुसऱ्या देशात गेली होती. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी पोलंडला परत गेलं. आणि कॅम्प रिकामा झाला तो राहिला नाही रिकामा. फाळणीत सिंधमधून आलेली सिंधी मंडळी तिथंच वसवली. कॅम्पाचं झालं गांधीनगर. आज आख्खा पश्चिम महाराष्ट्र तिथं लग्नाचा बस्ता बांधायला जातो. शालू घेताना कुणाला ठाऊक असतं की इथं पोलिश पोरं कवायत करायची?

म्हणजे तुमच्या स्पिहोवोत जे झालं तेच आमच्याकडं. एक निर्वासित गेला, दुसरा आला, नाव बदललं.

पाटलीणकाकू
माझा शालू गांधीनगरचाच. अंगावर काटा आला.

निवांत
ठसका, जबरदस्त. पण एक फरक. वळिवडे हे गाव अजून वळिवडेच आहे ना? गांधीनगर हे कॅम्पाच्या जागेचं नाव. वळिवड्याचे लोक कुठे गेले नाहीत, म्हणून त्यांचं नावही गेलं नाही. पुपेनमधून लोकच गेले.

कोल्हापुरी_ठसका
मान्य. हे डोक्यात आलं नव्हतं.

ओपोलेकर
निवांत यांच्या मुद्द्याला पोलंडमधूनच पुरावा देतो. आग्नेय कोपऱ्यात ब्येश्चादी डोंगर आहेत. तिथे युक्रेनियन आणि लेम्को लोकांची गावं होती. १९४७ मध्ये 'विस्वा मोहिमे'त सुमारे १ लाख ४० हजार लोकांना तिथून उचलून उत्तरेला आणि पश्चिमेला पांगवलं, म्हणजे मझुरीतसुद्धा! तिकडची गावं ओस पडली, पण नावं तशीच राहिली. मग तीस वर्षांनी, १९७७ मध्ये, कुणाला तरी ती नावंही खुपली आणि शंभराहून जास्त गावांची नावं एका आदेशाने पोलिश करून टाकली. मुच्ने नावाची वस्ती होती, तिचं काझिमिएझोवो केलं. कुणा राजा काझिमिएझवरून नव्हे, तर पंतप्रधान कार्यालयाच्या एका बड्या अधिकाऱ्याचं पहिलं नाव काझिमिएझ होतं आणि ती त्याची शिकारीची आवडती जागा होती.

पण लोक ओरडले, लेखक-प्राध्यापक ओरडले, गिर्यारोहक ओरडले. १९८१ मध्ये जुनी नावं परत आली. मुच्ने पुन्हा मुच्ने.

त्याउलट कातोवित्से. १९५३ मध्ये स्तालिन गेला तेव्हा अख्ख्या शहराचं नाव स्तालिनोग्रुद केलं. लोक तिथेच होते, तोंडात जुनंच नाव होतं. १९५६ ला गुपचूप परत कातोवित्से.

चिकित्सक
मग स्पिहोवो का टिकलं? लोक तर १९६० मध्ये गावात होते.

दिनकरराव
कुठले लोक, हा प्रश्न आहे. १९४५ नंतर पुपीत सीमेपलीकडून माझोव्शेचे लोक आले, व्हिल्नियसकडचे आले. काही मझुर राहिले होते, पण त्यांच्या वाट्याला आधी लूटमार आली, मग 'तू जर्मन की पोल' हे सिद्ध करायचे कागद. हळूहळू तेही निघाले. मोठी लाट सत्तरच्या दशकात. १९७५ मध्ये पश्चिम जर्मनी आणि पोलंडचा करार झाला, जर्मनीने कर्ज आणि पेन्शनपोटी मिळून २३० कोटी मार्क दिले आणि पोलंडने चार वर्षांत सव्वा लाखांपर्यंत माणसांना जायला परवानगी दिली. ज्यांची बोली शेकडो वर्षं पोलिश होती ते जर्मनीत जाऊन जर्मन झाले.

मागे राहिले त्यांच्यापैकी कुणाच्या आजीने 'पुपी' म्हटलेलं नव्हतं. त्यांच्या कानाला ते नुसतं ढुंगणच होतं.

बंडू_मास्तर
दिनकरराव, हा प्रतिसाद वाचून माझ्या पहिल्या विनोदाची थोडी लाज वाटली. थोडीच.

अनुस्वार
मग पुपी हे नाव समितीने केलं की आधीपासून होतं? जर्मन पुपेनवरून पोलिश कारकुनाने ओढूनताणून केलं असेल तर बिचाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही?

वाटचुकला
अनुस्वार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे परवाच आलंय, आणि त्यामुळे माझा मूळ प्रश्नही जरा बदललाय.

फोटो मी सहकाऱ्याला आधीच पाठवले होते. त्याने रविवारी आजीला टॅबलेटवर दाखवले आणि आमचा व्हिडिओ कॉलही लावला. आजी आता अठ्ठ्याऐंशीच्या. तळ्याचा फोटो त्यांनी बराच वेळ बोटांनी मोठा करून पाहिला. गावाच्या पाटीचा फोटो आला तेव्हा 'स्पिहोवो' अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. मग मी भीत भीत नातवामार्फत विचारलं की तुम्ही पुपेन म्हणायचात ना?

त्या म्हणाल्या, "शाळेत पुपेन. घरी आई पुपी म्हणायची. आजी तर पुपीच म्हणायची, तिला जर्मन धड येत नव्हतं." नातू चाट पडला. त्याला माहीतच नव्हतं की आपली पणजी पोलिश बोलायची. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, पुपेन हे खरं आणि पोलिश नाव नंतर कुणीतरी लादलेलं.

म्हणजे कारकुनाने ओढूनताणून केलेलं नव्हतं, अनुस्वार. ते मझुर लोकांचं आपलं नाव होतं. हसले ते नंतर आलेले.

मी विचारलं, तुम्हाला तेव्हा हसू यायचं का? तर म्हणाल्या, "कशाचं?" नातवाने अर्थ सांगितला. मग मात्र पोट धरून हसल्या. डोळे पुसत पुसत एक शब्द म्हणाल्या जो नातवाला कळला नाही, मलाही नाही. शब्दवेडी, 'झिच' म्हणजे काय?

शब्दवेडी
'झिच' म्हणजे तेच, मास्तरांचा विषय! जुना, गावरान शब्द. मझुर घरांत ढुंगणाला झिच म्हणत असतील तर पुपा ऐकून हसायचं काय कारण? शहरी पोरांचा लाडाचा शब्द तो, त्यांच्या कानावर यायलाच नको. वाटचुकले, तुम्ही त्या आजींकडून अजून शब्द काढून घ्या. आत्ताच.

पाटलीणकाकू
रेकॉर्ड करा हो. आम्ही आमच्या आजेसासऱ्यांना मोडी विचारायची राहूनच गेली.

चिकित्सक
माझी तक्रार मागे. पण युरांद शत्रूच्या हद्दीत आहे हे मी सोडणार नाही.

कोल्हापुरी_ठसका
अल्बमवर काय लिवलं मग?

वाटचुकला
कयाकच्या नकाशावरनं सुचलं. ती नदीसुद्धा पूर्ण लांबीभर एकाच नावाची नाही. वर एक नाव, पुढच्या तळ्यानंतर दुसरं, आणि गावाजवळच्या तुकड्याला स्पिहोव्स्का स्त्रुगा म्हणतात. स्त्रुगा म्हणजे ओढा. नावाड्याला सगळी ठाऊक असतात, कुणी भांडत नाही.

तेव्हा पहिल्या पानावर तळ्याचा फोटो लावला आणि खाली हाताने 'पुपी' लिहिलं, पोलिश वळणात. पाटीच्या फोटोखाली काही लिहिलं नाही, पाटीवर आहेच. पोस्टकार्डाची प्रत शेवटच्या पानावर. काल कुरिअर केलं.

आजींनी एक काम सांगितलंय. पुढच्या वेळी तळ्याच्या कोणत्या बाजूला लाकडं तरंगत असायची ते बघून यायचं, त्यांच्या वडिलांचं काम तिथे होतं. मेमध्ये जातोय. कुणी येणार असेल तर दोन जणांची कयाक आहे, एक जागा रिकामी.

बंडू_मास्तर
मी येतो. तिकीट कुठलं काढायचं?

वाटचुकला
मास्तर, नदीने जायचंय. तिकीट नाही. वल्हं मात्र स्वतः मारावं लागतं, आणि बूड ओलं होतं.